फुकटचा हॉट टब आणि एकपानी वेव्हर: मोठं सामान देऊन टाकताना काय काय बघायचं

आमच्या न्यू जर्सीच्या घरासोबत आधीच्या मालकाने बॅकयार्डात एक हॉट टब (गरम पाण्यात बसायचा मोठा टब) सोडून दिला होता, फुकट, आणि क्लोजिंगच्या, म्हणजे घर आमच्या नावावर झालं त्या दिवशी आम्हाला वाटलं काय नशीब काढलंय. सात वर्षांत आम्ही त्यात बसलो मोजून पाच वेळा. त्याच्या झाकणाचा खरा उपयोग केला तो सासूबाईंनी, दर उन्हाळ्यात इकडे आल्या की साबुदाण्याच्या पापड्या त्यावर वाळत घालायच्या, गडद रंगाचं झाकण, दुपारी तव्यासारखं तापायचं. मग हीटर गेला, दुरुस्तीचा आकडा ऐकला आणि ठरवलं की आता हा कोणालातरी देऊन टाकायचा. 'फ्री, स्वतः उचलून न्या' अशी पोस्ट टाकली आणि दोन तासांत तीसेक मेसेज.

पहिलाच माणूस म्हणाला, मी आणि माझा भाऊ येतो शनिवारी पिकअप घेऊन. दोघं! रिकामा हॉट टब सुद्धा सहज ३०० ते ४०० किलो भरतो, दोघांचं काम नव्हे ते. मला एकदम डोळ्यासमोर आलं की ह्यांच्यातला एक जण आमच्या डेकच्या (घरामागच्या लाकडी ओट्याच्या) पायरीवर टबाखाली अडकलाय आणि आम्ही ९११ ला, इथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन करतोय.

नवरा म्हणाला, "नेटवरून एक वेव्हर डाउनलोड करतो, सही घेऊ, संपलं." सासूबाई म्हणाल्या, "अगं फुकट देतेयस ना, मग वर सही कसली मागायची त्यांच्याकडून? बरं दिसतं का ते?" दोघंही थोडे बरोबर आणि थोडे चूक. त्यानंतर आठवडाभर मी जे वाचलं, इन्शुरन्स एजंटला जे विचारलं आणि एका वकील मैत्रिणीचं जे डोकं खाल्लं ते सगळं इथे एकत्र लिहितेय. मी वकील नाही आणि हे सगळं अमेरिकेपुरतं आहे, त्यातही न्यू जर्सीपुरतं जास्त, कारण राज्य बदललं की नियम बदलतात, ते पुढे येईलच.

आधी वेव्हर म्हणजे काय ते. घेऊन जाणारा माणूस लिहून देतो की हे काम धोक्याचं आहे हे मला माहीत आहे, आणि काही झालं तर मी तुमच्यावर दावा ठोकणार नाही. बस्स, एवढंच. जिममध्ये, ट्रॅम्पोलिन पार्कमध्ये मुलांच्या बर्थडे पार्टीला आपण न वाचता जे सही करतो ना, तेच. आणि तिथे आपण सही करणारे असतो म्हणून आपल्याला वाटतं की हा कागद म्हणजे लोखंडी कवच आहे. तसं नाहीये.

न्यू जर्सीतल्या दोन केसेस मैत्रिणीने मला सांगितल्या, त्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक २०१० ची, राज्याच्या सुप्रीम कोर्टातली. एका बाईने जिम जॉइन केलं, त्याच दिवशी वेव्हर सही केला आणि पहिल्याच स्पिनिंग क्लासला सायकलचं हँडल निघून आलं, ती पडली, चांगलीच लागली. कोर्ट म्हणालं वेव्हर चालेल, साध्या निष्काळजीपणासाठी जिमवर दावा नाही, पण जिमने अगदी टोकाचा निष्काळजीपणा केला असता तर हा कागद चालला नसता. दुसरी २०१४ ची, अपील कोर्टातली. एक माणूस वायएमसीएमध्ये (व्यायाम आणि पोहण्याचं केंद्र) स्विमिंग पूलकडे जाणाऱ्या पायरीवर घसरून पडला. त्यानेही वेव्हर सही केलेला होता. तिथे कोर्ट म्हणालं नाही चालणार, कारण पायरीवर घसरणं हा काही व्यायामाचा धोका नाही, जागा धड ठेवणं ही जागेच्या मालकाची साधी जबाबदारी आहे आणि ती अशी कागदावर झटकून टाकता येत नाही.

हे ऐकलं आणि मला आमच्या डेकची पायरी आठवली. वरून दुसरी. दोन हिवाळे झाले ती एका बाजूने हलतेय, आम्हा घरच्यांना सवय झालीये, आपोआप आम्ही डाव्या बाजूने पाय टाकतो. आता विचार करा, टबाचं एक टोक धरून मागे मागे चालणारा अनोळखी माणूस डाव्या बाजूने कशाला पाय टाकेल? आणि तो पडला तर माझ्याकडे त्याची सही असली तरी त्याचा वकील त्या पायरीचा फोटो काढणार आणि म्हणणार की ह्यांना माहीत होतं. म्हणजे टब जड आहे, पाठ धरेल, बोटं चेंगरतील, हे त्या उचलण्याच्या कामातले धोके, ह्यासाठी वेव्हरचा आधार मिळू शकतो. हलणारी पायरी, अंधारा बेसमेंटचा जिना, गवतात लपलेला स्प्रिंकलरचा खड्डा, हे माझ्या घराचे दोष, आणि त्यासाठी कागदावर विसंबायचं नाही, हातात ड्रिल घ्यायचा.

म्हणून माझ्या मते क्रम असा. कागद शेवटी. आधी वस्तूपासून गाडीपर्यंतचा रस्ता स्वतः चालून बघा, शक्यतो हातात काहीतरी मोठं धरून, लाँड्री बास्केट चालेल, म्हणजे पायाखालचं दिसत नाही आणि मग कळतं कुठे अडखळायला होतं. मुलांची सायकल, होजपाइप, कुत्र्याचा पट्टा, सगळं बाजूला. जिन्यातले बल्ब चालू. हिवाळ्यात ड्राइव्हवेवर मीठ. जे दुरुस्त करता येईल ते करा (आमची पायरी नवऱ्याने तीन इंची स्क्रू मारून पंधरा मिनिटांत पक्की केली, दोन वर्षं जे होत नव्हतं ते), आणि जे होणार नाही ते त्या माणसाला तोंडी सांगा आणि कागदावर पण लिहा. आपल्याला माहीत असलेला धोका न सांगणं हे सगळ्यात वाईट, मग तुमच्याकडे कितीही सुंदर फॉर्म असो.

मग वस्तू सुटी करणं. हे काम घेऊन जाणाऱ्यावर कधीच सोडू नका. हॉट टब बहुतेक २४० व्होल्टवर असतो, इथल्या घरातल्या साध्या प्लगच्या दुप्पट, आणि हौशी लोक पक्कड घेऊन येतात आणि म्हणतात मी कापतो ना वायर. नाही. ब्रेकर बंद करायचा आणि लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून आधीच वायर काढून टोकं नीट बंद करून घ्यायची. पैसे जातात, जाऊ दे. पाणी काढायचं ते पण दोन दिवस आधी. एक गॅलन पाणी ८.३ पौंड, आमच्या टबात ३५० गॅलन, म्हणजे नुसतं पाणीच जवळजवळ २९०० पौंड, आणि तळाला चार बोटं पाणी राहिलं तरी उचलणाऱ्याला रडू येईल. क्लोरीनचं पाणी रस्त्यावरच्या गटारात सोडू नका, तिथून ते थेट ओढ्याला जातं, क्लोरीन घालणं थांबवून झाकण काही दिवस उघडं ठेवलं की ते उतरतं, मग हळूहळू बाहेर काढायचं, कुठे सोडायचं ते टाउनशिपला (इथली नगरपालिका) विचारून.

गॅसवर चालणारा ड्रायर किंवा स्टोव्ह देत असाल तर गॅसचा व्हॉल्व्ह बंद करून पाइपच्या तोंडाला कॅप लावून घ्या, प्लंबरकडून. नुसता व्हॉल्व्ह बंद आहे म्हणून सोडू नका.

फ्रिजचं वेगळंच आहे. जुना फ्रिज किंवा डीप फ्रीझर 'येऊन घेऊन जाईल कोणीतरी' म्हणून कर्बवर (रस्त्याच्या कडेला) किंवा गराजबाहेर ठेवायचा असेल तर दार काढून ठेवा. पूर्वी फ्रिजच्या दाराला बाहेरून बंद होणारी कडी असायची आणि लपाछपी खेळताना आत शिरलेली मुलं गुदमरून जायची, म्हणून इथे १९५६ साली कायदाच झाला की दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे, त्यानंतर चुंबकाची दारं आली. तरी दार काढायचंच. दुसरं म्हणजे भंगारवाले. काही जण तुमच्या ड्राइव्हवेवरच कॉम्प्रेसर कापायला बसतात, तांब्यासाठी. आतला गॅस हवेत सोडणं फेडरल क्लीन एअर अ‍ॅक्टखाली बेकायदेशीर आहे, आणि हे तुमच्या दारात चाललंय. घेऊन जा म्हणायचं, पण अख्खा.

काही वस्तू अशा आहेत की त्या फुकट सुद्धा द्यायच्याच नाहीत, कितीही वेव्हर घेतला तरी. एका बाजूचा कठडा खाली सरकणारे जुने क्रिब (बाळांचे पलंग), ज्यांच्यात बाळं अडकून गेली, ते २८ जून २०११ पासून इथे विकायला बंदी आहे. ते तोडून कचऱ्यात टाका, तोडून, म्हणजे कोणी उचलून वापरायला नेणार नाही. मुलांच्या कार सीटवर एक्सपायरी छापलेली असते, ती बघा. ड्रॉवरवाली ड्रेसर देत असाल तर रिकॉल बघा, म्हणजे धोका आहे म्हणून कंपनीने ती परत मागवलीय का, आयकियाने २०१६ मध्ये जवळजवळ २ कोटी ९० लाख ड्रेसर आणि ड्रॉवरवाली कपाटं रिकॉल केली होती कारण ती भिंतीला न बांधता ठेवली की पोरांच्या अंगावर पडत होती. कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनच्या साइटवर मॉडेल नंबर टाकला की कळतं, दोन मिनिटांचं काम आहे, आणि तुम्ही दिलेल्या वस्तूने दुसऱ्याच्या घरात काही झालं तर पहिला प्रश्न हाच येणार की तुम्हाला माहीत होतं का.

झोपाळा-घसरगुंडीचा प्लेसेट किंवा सिमेंटमध्ये रोवलेला बास्केटबॉलचा खांब द्यायचा तर खणावं लागतं, आणि खणायच्या आधी काही दिवस ८११ ला फोन करायचा. ते लोक येऊन गॅस, वीज, केबल कुठून गेलीय त्याच्या खुणा करून जातात, फुकट. आपल्यातल्या कितीतरी जणांना हा नंबर माहीतच नसतो.

पियानो. एका ओळखीच्यांनी जुना अपराइट पियानो दिला, तळमजल्यावरच होता, दारापासून फक्त तीन पायऱ्या, तरी तीन माणसं घामाघूम आणि दाराच्या चौकटीचा एक टवका गेला. छोटा अपराइट ३०० पौंडांचा असतो, जुना उंच असेल तर ८०० पर्यंत जातो, आणि सगळं वजन मागच्या बाजूला, लोखंडी प्लेट असते ना आत. बिलियर्डचं टेबल तर अख्खं उचलायचंच नसतं, खाली दगडाच्या स्लेटच्या लाद्या असतात, बहुतेक तीन, ती खोलून एकेक न्यायची. अशा वस्तूंसाठी माझी अट एकच, घेणाऱ्याने प्रोफेशनल मूव्हर आणायचा, त्याच्याकडून इन्शुरन्सचं सर्टिफिकेट मागायचं, न्यू जर्सीत मूव्हरला राज्याचं लायसन्स लागतं त्याचा नंबर विचारायचा. पियानो फुकट मिळाला म्हणून माणूस मूव्हरला पैसे द्यायला कुरकुरतो, तर मग तो पियानो त्याच्यासाठी नाही.

आता तो कागद. नवऱ्याने डाउनलोड केलेला फॉर्म साडेतीन पानी होता, त्यात घोडेस्वारीचा उल्लेख होता, कुठल्यातरी तबेल्याचा असणार. एक पान पुरे. त्यात काय हवं ते मी मराठीत लिहिते, तुम्ही इंग्लिशमध्ये करून घ्या, आणि समोरचा स्पॅनिश किंवा अजून काही बोलणारा असेल तर त्याच्या भाषेतही द्या, कारण ज्याला वाचताच आलं नाही त्याची सही कसली?

'मी, खाली सही करणारा, अमुक तारखेला अमुक पत्त्यावरून एक वापरलेला हॉट टब मोफत घेऊन जात आहे. तो मी आहे त्या स्थितीत घेत आहे. हीटर चालत नाही आणि झाकण फाटलेलं आहे हे मला सांगितलं आहे, मी स्वतः पाहिलं आहे. तो खूप जड आहे आणि सोडवताना, उचलताना, गाडीत चढवताना दुखापत होऊ शकते याची मला कल्पना आहे. पुरेशी माणसं, पट्टे, डॉली (जड सामान ढकलायची चाकांची फळी) आणि गाडी मी आणली आहे. घरमालकाने मला हे धोके दाखवले आहेत: (इथे हाताने लिहायचं). या कामात मला किंवा माझ्या वस्तूंना काही झालं, अगदी घरमालकाच्या निष्काळजीपणामुळे झालं तरी, मी त्यांच्यावर दावा करणार नाही. माझ्या हातून त्यांच्या किंवा शेजाऱ्यांच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर मी भरून देईन. वस्तू जागेवरून हलवली त्या क्षणापासून ती माझी. माझं वय १८ च्या वर आहे. मी हे वाचलं, मला समजलं.' खाली नाव, सही, तारीख, फोन.

ह्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द स्पष्ट लिहिणं महत्त्वाचं, गोलगोल 'काहीही झालं तरी' असं लिहिलं तर कोर्ट शंकेचा फायदा सही करणाऱ्याला देतं, फॉर्म लिहिणाऱ्याला नाही. आणि तो शब्द बारीक टाइपात लपवायचा नाही, ठळक करायचा. कोणीतरी तुम्हाला सांगेल की एक डॉलर घ्या म्हणजे करार पक्का होतो. काही गरज नाही, वस्तू आणि आवारात यायची परवानगी तुम्ही देताय, हा व्यवहार पुरेसा आहे, उगाच विक्री करून का बसायचं.

सगळ्यांची सही. हे लोक विसरतात. जो मेसेज करत होता त्याने सही केली म्हणून त्याच्या भावाचा, मेव्हण्याचा हक्क जात नाही, त्याला दुसऱ्याच्या वतीने सही करता येत नाही. चार जण आले तर चार सह्या. आणि बरोबर पोरं आणली असतील तर? आमच्याकडे शनिवारी आले त्यांच्यात एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता, चांगला धट्टाकट्टा, बापाने अभिमानाने सांगितलं की हा माझ्यापेक्षा जास्त उचलतो. मी म्हटलं, उचलत असेल, पण इथे नाही. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने २००६ साली, एका स्केट पार्कमध्ये मुलाला लागलं त्या केसमध्ये, सांगितलं की आई-बापांनी मुलाचा हक्क असा आधीच सोडून देता येत नाही. शिवाय मोठ्या माणसाला इथे दावा करायला २ वर्षं मिळतात, मुलाची ती २ वर्षं तो १८ चा झाल्यावर सुरू होतात, म्हणजे तो मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत तुमच्या डोक्यावर टांगती तलवार. त्याला मी गाडीजवळ उभं केलं, लिंबू सरबत दिलं, बापाचं तोंड जरा वाकडं झालं, चालायचंच.

दुसऱ्या राज्यातल्या मंडळींनी जपून. व्हर्जिनियावाल्यांनो, तुमच्याकडे अ‍ॅशबर्न-हर्नडनला आपली इतकी माणसं आहेत म्हणून मुद्दाम सांगते, व्हर्जिनियाची कोर्टं शरीराला होणाऱ्या इजेसाठी आधीच घेतलेला वेव्हर मानतच नाहीत, एकोणिसाव्या शतकापासून. लुइझियानातही शारीरिक इजेची जबाबदारी आधी झटकणारं कलम रद्दच. कॅलिफोर्नियात साध्या चुकीपुरतं बहुतेक चालतं, पण मुद्दाम केलेलं, फसवणूक, कायदा मोडणं आणि टोकाचा निष्काळजीपणा ह्यातून कागद सोडवत नाही. तुमच्या राज्यात काय ते एकदा बघून घ्या.

मग म्हणाल की इतकं पोकळ आहे तर घ्यायचाच कशाला? मी सांगते मला त्याचा उपयोग कुठे झाला. मी तो कागद पहिल्या माणसाला शुक्रवारी रात्रीच पाठवला, की हे वाच, उद्या सही लागेल. 'पुरेशी माणसं आणि डॉली मी आणली आहे' ही ओळ वाचून त्याने विचारलं, किती वजन आहे? मी सांगितलं. त्यावर बराच वेळ काही नाही, आणि मग मेसेज आला की राहू दे. दुसऱ्याने मात्र विचारलं की गेट किती रुंद आहे, टब उभा करून न्यावा लागेल का, ट्रेलरला मागे यायला जागा आहे का. हा माणूस कामाचा, हे मला त्याच्या प्रश्नांवरून कळलं, आणि तो चार जण, दोन डॉली, प्लायवूडचे तुकडे घेऊन आला. कागदाने चाळणीचं काम केलं, कोर्टात जायच्या कितीतरी आधी. कोणी सहीला नाही म्हणाला तर भांडू नका, पुढच्या माणसाला द्या, फुकटच्या वस्तूला रांग असते.

खरं संरक्षण म्हणाल तर ते तुमच्या होमओनर्स पॉलिसीत, म्हणजे घराच्या विम्यात आहे. त्यात पर्सनल लायबिलिटी (तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई) असते, साधारण १ लाख डॉलरपासून पुढे, आणि एक मेडिकल पेमेंट्स नावाचा छोटा भाग असतो, बहुधा १ ते ५ हजार डॉलरचा, ज्यात चूक कोणाची हे न बघता पाहुण्याच्या औषधपाण्याचा खर्च देतात. एखाद्याचं बोट चेंगरलं, चार टाके पडले, तर तो विषय तिथेच मिटतो आणि वकिलापर्यंत जात नाही, म्हणून हा आकडा वाढवून घ्या, फार प्रीमियम वाढत नाही. घर, दोन गाड्या, थोडी सेव्हिंग्ज असतील तर दहा लाख डॉलरची अंब्रेला पॉलिसी (बाकीच्या पॉलिसींची मर्यादा संपली की त्यावरचं देणारी) पण विचारून बघा. भाड्याने राहणाऱ्यांच्या रेंटर्स पॉलिसीतही लायबिलिटी असते. आणि भाडेकरूंनो, आधी खात्री करा की वस्तू तुमचीच आहे, लँडलॉर्डचा वॉशर फुकट देऊन बसलेला एक जण मला माहीत आहे.

त्या दिवशी स्वतः काय करायचं? काही नाही, आणि हे आपल्याला सगळ्यात कठीण जातं. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरून आमचं गोदरेजचं कपाट उतरवलं तेव्हा हमाल चार होते आणि सूचना देणारे अकरा, शेजारचे काका मधे घुसून 'थांब थांब मी पण हात लावतो' म्हणत होते. इथे हात लावायचा नाही. तुम्ही एक टोक धरलंत आणि तुमच्या हातून सुटलं की ती तुमची चूक झाली. तुमची शिडी, तुमचा पट्टा, तुमची डॉली उसनी द्यायची नाही, तुटली तर तुमची. 'असं वळवा, तिकडून घ्या' ह्या सूचना पण नकोत, बाहेर कुठून जायचं एवढं दाखवायचं आणि बाजूला व्हायचं. नवऱ्याला मी शेवटी घरात पाठवलं, कारण तो प्रत्येक मिनिटाला पुढे सरकत होता. पाण्याच्या बाटल्या द्या, बिअर काम संपल्यावर सुद्धा नको, त्यांना गाडी चालवायचीये. पैसे द्यायचे नाहीत. 'चहापाण्याला' म्हणून वीस डॉलर हातात ठेवलेत तर उद्या कोणी म्हणू शकतं की ह्यांनी आम्हाला कामाला लावलं होतं, आणि मग तो वेगळाच खेळ. कोणी म्हणाला की मी नेतो पण उचलायचे शंभर द्या, तर तो कॉन्ट्रॅक्टर, त्याच्याकडे इन्शुरन्स असला पाहिजे.

माणसं यायच्या आधी आणि गेल्यावर फोनवर व्हिडिओ काढा, डेक, भिंती, गेट, शेजाऱ्याचं कुंपण. त्यांच्या गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो ठीक आहे, ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो मात्र मी मागितला नाही, दुसऱ्याची ती माहिती माझ्या फोनमध्ये कशाला. सह्यांच्या कागदाची एक प्रत त्यांना, एक आपल्याला. फोनवर केलेली सही पण चालते, २००० सालच्या फेडरल कायद्यापासून, पण मी कागदच घेतला, पेन हातात घेतलं की माणूस जरा तरी वाचतो. किमान तीन वर्षं जपून ठेवा.

आणि हे सगळं नको असेल तर टाउनशिपच्या बल्क पिकअपला (मोठा कचरा उचलून नेणारी सेवा) फोन करा, किंवा कपाटं-सोफे चांगल्या स्थितीत असतील तर हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी संस्थेचं रीस्टोअर (दान आलेल्या वस्तूंचं दुकान) अनेक ठिकाणी त्यांची माणसं पाठवून घेऊन जातं. हॉट टब मात्र त्यांना विचारूनच बघा, सगळे घेत नाहीत.

एक राहिलं. वस्तू गेली की त्याच मिनिटाला पोस्ट काढून टाका, नुसतं 'गेलं' असं खाली लिहून भागत नाही, आणि पत्ता कधीच जाहीर टाकू नका. माझी पोस्ट तशीच राहिली होती आणि पत्ता मी दोघा-तिघांना आधीच दिला होता, तर सोमवारी संध्याकाळी एक माणूस विचारता न विचारता गेट उघडून मागे आला, अंधार पडत होता, टब काढल्यावर तिथे काँक्रीटच्या चौथऱ्यातून वायरचा पाइप वीतभर वर आलेला होता, आणि तो नेमका त्याच दिशेने चालत होता. सासूबाईंनी किचनच्या खिडकीतून मराठीत जे ओरडलं त्याने तो जागीच थांबला.